बाबांच्या खिशातली सुरी

मंगळवार, डिसेंबर. जेवणं व्हायची आहेत.

मी चूक तर नाही केली?

लकव्यानंतर बाबांचा डावा हात उठत नाही. त्यांच्या खिशातला मिटणारा चाकू उघडायला दोन हात लागतात. रेल्वेत होते तेव्हा अख्ख्या ऑफिसला पेरू कापून खाऊ घालायचे. आता चाकू उघडायला आईला हाक मारावी लागते, म्हणून त्यांनी पेरू खाणंच सोडलं.

आज ऑफिसातून सरळ गोल बाजारात गेली. न मिटणारी, खिशात मावणारी सुरी पाहिजे होती. डावा हात पाठीमागे धरून एकेक काढून पाहिली. दुकानदारानं विचारलं, "दीदी, हाथ में चोट है क्या?" बहुतेकींचं कव्हर एका हातानं निघेचना. एकीचं अंगठ्यानं ढकललं की सुटत होतं. तीच घेतली. पण ते कव्हर डोक्यातून जाऊन नाही राहिलं. बाबा झोपेत कुशीवर वळले अन् बंडीच्या खिशातच सुटलं तर?

घरी सुरी पाहून आई चिडली. "काहून आणली? हात कापून घेतील ते."

बाबांनी अंगठ्यानं कव्हर ढकललं. उजव्या हातानं डावा हात उचलून त्यांनी मी आणलेल्या पेरूवर ठेवला, वजनासारखा, आणि कापायला लागले. बोटाला लागलंच. आईला दिसू नये म्हणून त्यांनी रक्त लुंगीला पुसलं. मले दिसलं. मी आईला सांगितलं नाही.

पहिली फोड त्यांनी आईपुढे धरली. "घे, गोड आहे."

आई अजून माझ्याशी बोलून नाही राहिली. फोड मात्र खाल्ली तिनं.