मामाच्या रक्ताची साक्ष

४ जानेवारी

चि. चिमटीस,
मामाचे अ. उ. आ.

तू गेल्यापासून बेकरी सुनी झाली आहे. गिऱ्हाईकं विचारतात, भाची कुठे गेली? मी सांगतो, लोकांचं रक्त तपासायला गेली. ऐकून दोन पावलं मागे सरतात.

हाताचं प्लास्टर निघालं. पावाचा साचा उचलताना मनगट मोडावं इतका काही मी म्हातारा नाही, पण डॉक्टरांनी हाडांचा फोटो दोनदा उजेडाला धरून पाहिला. मग म्हणाले, हाडं पार विरळ झाली आहेत. त्यात रक्त कमी. लोहाच्या गोळ्या इतक्या गिळल्या की आता अंगाला चुंबक चिकटेल, पण रक्त काही वाढत नाही. पोटाचं तर तू पाहिलंसच. तुझी मामी म्हणते, बेकरीवाल्याचा असा काडीपैलवान झालेला बघून लोकांना वाटत असेल, बायको उपाशी ठेवते.

निघताना तू म्हणाली होतीस, गव्हातलं ग्लुटेन मला सोसत नसेल, त्याला सिलिअ‍ॅक म्हणतात, रक्त तपासून घे. मी तुझ्या एक पाऊल पुढे गेलो. तू गेलीस त्याच दिवसापासून पाव, बिस्किट, गव्हाचं जे जे म्हणून आहे ते सगळं सोडलं. आणि काय सांगू, पोट एकदम शहाण्यासारखं वागायला लागलं! मग आता सुई कशाला टोचून घ्यायची?

ताईला माझा नमस्कार सांग. आई म्हणून तुझी असेल, पण बहीण म्हणून ती आधी माझी आहे. तिला जपत जा. लोभ आहेच, तो भिजवलेल्या पिठासारखा फुगत राहो.

तुझा
मामा

---

१५ जानेवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि कपाळाला हात लावला. मामा, उद्यापासून पुन्हा पाव खायला लाग.

हसू नकोस. असं समज, ग्लुटेन पोटात गेलं की तुझं शरीर त्याला चोर समजतं आणि पहारेकरी उभे करतं. ते वेडे पहारेकरी चोर सोडून स्वतःच्याच आतड्यावर धावून जातात. रक्तात आम्ही शोधतो ते हे पहारेकरी, म्हणजे अँटीबॉडी. तू चोराचं येणंच बंद केलंस, तर पहारेकरी हळूहळू घरी जातील आणि आमची तपासणी सांगेल की इथे सगळं आलबेल आहे. म्हणून निदान दीड-दोन महिने रोज थोडा पाव खा. तुझ्या डॉक्टरांशी मी फोनवर बोलले आहे, त्यांचंही हेच म्हणणं आहे. त्रास होईल, मला ठाऊक आहे. फार झाला तर मात्र लगेच त्यांना दाखव.

ही तपासणी कशी असते सांगू? नखाएवढ्या खळग्यांची एक पारदर्शक थाळी असते. प्रत्येक खळग्यात एकेका माणसाच्या रक्तातलं पाणी, थेंबभर. एकेक द्रव घालायचा, धुवायचं, थांबायचं. शेवटी काही खळगे निळे होतात आणि मग झर्रकन पिवळे. जितका गडद पिवळा, तितके जास्त पहारेकरी. इतकी वर्षं करते आहे, तरी तो रंग चढताना मी हातातलं काम बाजूला ठेवते. ज्या माणसाला स्वतःच्या दुखण्याचं नाव माहीत नाही, त्याचा एक थेंब ते नाव सांगून मोकळा होतो.

आई बरी आहे, म्हणजे नेहमीसारखीच. मामीला नमस्कार. लोभ असू दे, आणि थोडा धीरही.

तुझी
चिमटी

---

२२ मार्च

चि. चिमटीस,
अ. उ. आ.

जिंकलो! रिपोर्ट आला. सिलिअ‍ॅक नाही!

पाव खाताना काय भोगलं ते लिहीत नाही. पत्राला वास येईल. तुझी मामी समोर बसून घास मोजल्यासारखी बघायची आणि मग तोंड फिरवून डोळे पुसायची. पण सार्थक झालं. इथे रक्त दिलं, ते तुमच्याच प्रयोगशाळेत पाठवलं म्हणे, आणि उत्तर आलं की काही नाही. सकाळपासून येईल त्या गिऱ्हाइकाला एक बन फुकट देतोय. कारागीर म्हणाला, मालक, असंच निरोगी राहिलात तर दिवाळं निघेल.

मामीला मात्र पटत नाही. तिचं म्हणणं, कागद काहीही म्हणो, माणूस माझ्या डोळ्यांसमोर वाळतोय. बायकांना आनंद साजरा करता येत नाही असं मी म्हणालो, तर दुपारपासून अबोला आहे. माझा चष्मा कुठे ठेवलाय तेवढं तरी तू तिला फोन करून विचार.

माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझा आनंदी
मामा

---

२९ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

मामा, मामीची माफी माग.

तुझी थाळी माझ्याच हातून गेली होती. निरोगी माणसाच्या खळग्यातही पिवळ्याची एक पुसट छटा येते. तुझा खळगा मात्र नुसत्या पाण्यासारखा होता. कमी नाही, काहीच नाही. रिपोर्ट निघून गेला, तरी मला राहवेना. आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, याच्या रक्तात मुळात ‘ए’ प्रकारच्या अँटीबॉडी आहेत का ते आधी बघू.

अँटीबॉडी अनेक प्रकारच्या असतात. ही तपासणी त्यातल्या ‘ए’ला विचारते. काही माणसं जन्मतःच ‘ए’शिवाय असतात. ती हसतात, खेळतात, बेकरी चालवतात आणि कुणाला काही पत्ता नसतो. तू त्यातला आहेस. आम्ही ज्या साक्षीदाराला हाक मारत होतो, तो तुझ्या घरात कधी राहतच नव्हता. मग बाईंनी त्याच रक्तात ‘जी’ प्रकाराची तपासणी लावायला सांगितली.

मामा, तुझा खळगा झेंडूच्या फुलासारखा पिवळा झाला.

मी हातमोजे काढून खुर्चीत बसले. वाईट वाटलं, खरंच. पण त्याहून मोठं काहीतरी वाटलं, त्याला मला शब्द सापडत नाही. ते रक्त पहिल्या दिवशीही खरंच सांगत होतं. प्रश्न आम्ही चुकीच्या दारात उभं राहून विचारत होतो.

आता पोटात दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासतील. घाबरू नकोस. तोवर पाव सोडू नकोस.

माझ्यावरचा राग फार दिवस ठेवू नकोस.

तुझी
चिमटी

---

२६ एप्रिल

चि. चिमटीस,
अ. उ. आ.

तुझ्यावर कसला राग. मामीची माफी मागितली, चष्मा मिळाला.

दुर्बीण झाली आणि खूण पटली. डॉक्टरांनी चित्र दाखवलं. निरोगी आतडं आतून मखमलीसारखं असतं, अन्न त्या मखमलीच्या लवेवर टिपलं जातं. माझं जुन्या टॉवेलसारखं गुळगुळीत झालंय. म्हणजे जन्मभर खाल्लं ते अंगाला न लागता वाहून गेलं.

घरी येऊन भट्टीसमोर बसलो. पहिला घाणा निघत होता. तो वास, चिमटी! त्या वासावर मी लहानाचा मोठा झालो. ज्या कणकेनं पोट भरलं, तीच पोट खात होती. कारागिराला म्हटलं, तू घे सांभाळायला बेकरी, मी बसतो घरी. तुझ्या मामीनं ऐकलं. ती पदर खोचून पुढे आली आणि म्हणाली, उद्यापासून पीठ मी मळणार, तुम्ही गल्ल्यावर बसून फुकट बन वाटणं बंद करा. पिठाची धूळही तोंडात जाते असं डॉक्टर म्हणाले, म्हणून मला कणकेच्या खोलीचा उंबरा आता बंद.

आणखी एक. डॉक्टर म्हणाले, हे रक्ताच्या नात्यात चालतं, सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यावं. मला एकदम ताई डोळ्यांसमोर आली. लहानपणापासून सगळे म्हणतात, हिच्या अंगी काही लागत नाही, ही काचेचं भांडं आहे. दुपारी पडून राहणं, बोटांना मुंग्या, शिवणकाम सोडून दिलेलं. तिचं रक्त बघ. तुझंही बघ.

मायेनं बघ.

तुझा
मामा

---

१० जून

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

आई आधी नाहीच म्हणाली. तिचं म्हणणं, मी आहे ती अशीच आहे, या वयात माझं नवीन काय निघणार? शेवटी तुझं पत्र वाचून दाखवलं, तेव्हा मुकाट्यानं हात पुढे केला. तिची शीर मीच धरली. इतक्या लोकांचं रक्त काढलं, पण त्या दिवशी शीर दोनदा चाचपून पाहिली.

मामा, तिच्याकडे ‘ए’ आहे, व्यवस्थित आहे. आणि तिचा खळगा सगळ्यात आधी निळा झाला, बाकीचे अजून कोरे होते. शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या मैत्रिणीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. ज्या दुखण्याचा मी रोज दुसऱ्यांच्या रक्तात शोध घेत होते, ते माझ्यासमोर बसून रोज माझ्याबरोबर जेवत होतं. दुर्बिणीतही तेच निघालं. माझं रक्त तूर्त स्वच्छ आहे, पुढे पुन्हा बघू.

आईनं गहू सोडला आहे. तक्रार एकच: बिस्किटाशिवाय चहा म्हणजे शिक्षा.

तुझा नवा रिपोर्ट पाहिला. पिवळा उतरतो आहे, पण हवा तितका नाही. कणकेच्या खोलीत डोकावतोस ना? खरं सांग.

पथ्य आणि लोभ, दोन्ही सांभाळ.

तुझी
चिमटी

---

८ फेब्रुवारी

चि. चिमटीस,
अ. उ. आ.

तू जूनमध्ये विचारलं होतंस, कबूल आज करतो: कणकेच्या खोलीत डोकावत होतो. मामीच्या मळण्यावर भरवसा नव्हता. एका रक्ताच्या थेंबानं इतक्या लांबून चुगली केली, तेव्हा ओशाळलो. त्यानंतर उंबऱ्याकडे फिरकलो नाही. परवाच्या रिपोर्टात आकडा निरोगी माणसांच्या रांगेत जाऊन बसला आहे. वजन वाढलं. आणि खरं सांगायचं तर मामीचा पाव माझ्यापेक्षा जास्त खपतो. तिच्यापुढे हे बोलू नकोस.

पण पत्र त्यासाठी नाही. काल ताई आली, ते तुला सांगायचंय.

तू लिहिलं होतंस की ती एकटी येईल म्हणते. मी गाडी पाठवणार होतो, पण ती आधीच्याच बसनं येऊन उतरली. मी दारात उभा होतो. चढ चढत एक बाई येत होती, दोन्ही हातांत पिशव्या, भराभर. मी मामीला म्हटलं, लांबून अगदी ताईसारखी दिसते, पण ताई असं चालत नाही. मामी हात पुसत बाहेर आली आणि तशीच तिला सामोरी धावली. तेव्हा मला कळलं.

ताई बाकावर टेकलीसुद्धा नाही. उभ्यानंच पाणी प्यायली. मी विचारलं, दम नाही लागला? त्यावर तिनं जे सांगितलं, ते कालपासून माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणाली, तिला आयुष्यभर वाटत आलं की सगळ्यांनाच असं जड वाटतं, सगळ्यांचेच पाय असे ओढावे लागतात, लोक फक्त बोलून दाखवत नाहीत. आपणच रडक्या आहोत असं समजून ती गप्प राहिली. आता पहिल्यांदा कळतंय, माणसं किती हलकी चालत असतात.

मग तिनं पिशव्या उचलल्या आणि बेकरीवरच्या आमच्या घराचा जिना माझ्याआधी चढून गेली. मी खाली उभा राहून तिची पावलं ऐकत होतो.

तुझ्या हातांना आशीर्वाद. आमची आठवण राहू दे.

तुझा
मामा