कुलपांच्या चोरीचा तपास

३ मार्च
संकल्प: घरातला पसारा आजपासून बंद. मेहुणा चार दिवस राहायला येतोय, मागची खोली मोकळी हवी. रद्दीवाल्याला बोलावून जुन्या मासिकांची दोन खोकी देऊन टाकली. ही म्हणाली, अहो, उघडून तरी बघा. मी सांगितलं, माझ्या घरातली खोकी मला बाहेरून कळतात. वजनाला स्वतः उभा राहिलो, काट्यावरून रद्दीवाल्याशी अर्धा तास वाद घातला. दुसरं खोकं इतकं जड भरलं की त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. पूर्वी मासिकांना कागद चांगला वापरायचे. हल्ली कशातच दम नाही.

८ मार्च
मेहुणा गेला. येताना त्याची बॅग हलकी होती, जाताना जड. सहज नोंद करून ठेवतोय.
दाराचं लॅच बिघडलंय. मेहुण्याने विचारलं, दाजी, तुमच्याकडे एवढी जुनी कुलपं पडलीत, एखादं लावा की. संग्रहातली कुलपं लावायची नसतात, त्याने किंमत उतरते, हे त्याला तिसऱ्यांदा समजावलं. मग त्याने बाजारात जाऊन बहिणीला नवं कुलूप आणून दिलं. पत्र्याचा डबा नुसता. हेअरपिनने उघडेल. दोन किल्ल्या आल्या, दोन्ही हिलाच ठेवायला सांगितल्या. असल्या किल्लीला माझ्या खिशात जागा नाही.

१२ मार्च, सकाळी
चोरी झाली. मागच्या खोलीतल्या कपाटातून कुलपांचं खोकं गायब. कपाटात आता फक्त जुन्या मासिकांचं एक खोकं आहे. ते इथे कसं राहिलं कोण जाणे, चोराने वाचायला काढलं असेल. वीस वर्षांचा संग्रह गेला. बाबांनी दिलेलं पितळी कुलूप त्यातच होतं, माझं पहिलं. खरंच रडू आलं.
चोर मात्र अर्धवट. किल्ल्या वेगळ्या ठेवायची माझी पद्धत त्याला ठाऊक नव्हती. सगळ्या माझ्या ड्रॉवरमध्ये, डब्यात, सुरक्षित.

संध्याकाळी
पोलीस चौकीत गेलो. हवालदाराने विचारलं, कपाटाला कुलूप होतं का. नव्हतं. सुतळी बांधतो. त्याने शेजारच्या हवालदाराला हाक मारली आणि मला पुन्हा सांगायला लावलं. केस गांभीर्याने घेतायत.

१३ मार्च
विचार केला. मागच्या खोलीत बाहेरचा एकच माणूस राहिला होता. हिला हळुवारपणे सांगितलं. ही काही बोलली नाही. म्हणजे पटलं.
मग मेहुण्याला फोन केला. आरोप अजिबात केला नाही. कुलपं परत केलीस तर पोलिसांत तुझं नाव घेणार नाही, एवढंच म्हटलं. त्याने फोन आपटला. निर्दोष माणूस कशाला फोन आपटेल?

१७ मार्च
सापडली! जुन्या वस्तू विकायच्या साइटवर. फोटोत मागे माझंच खोकं. खाली लिहिलंय: ‘लोखंडी जुनी कुलपं, किल्ल्या नाहीत, पेपरवेट म्हणून उपयोगी.’
पेपरवेट!
प्लॅन: खोट्या नावाने साधा गिऱ्हाईक बनून जायचं. संशय येऊ द्यायचा नाही. कुलपांतलं आपल्याला काही कळतं हे दाखवायचं नाही.

१८ मार्च
विकणाऱ्या बाईंना मेसेज केला. फक्त एक चूक सुधारली: ती लोखंडी नाहीत, बरीच पितळी आहेत. मग राहवेना, म्हणून कारागिरीबद्दल थोडं लिहिलं. मग कुलपाच्या आतलं लिव्हर म्हणजे काय ते. मेसेज जरा लांबला. बाईंनी मनापासून आभार मानले.

१९ मार्च
जाहिरात बदलली. ‘अत्यंत दुर्मिळ, पितळी, हातकाम, जाणकारांसाठी.’ सगळा मजकूर माझा. वाचायला फार छान वाटतो. किंमत चौपट झालीय. आणखी तिघे विचारतायत म्हणे.

२० मार्च
ही अजून माझ्याशी बोलत नाही. भावाचा धक्का बसलाय बिचारीला. तिला म्हटलं, उद्या त्या विकणाऱ्या बाईंच्या दुकानात साक्षीला चल, सत्य एकदा डोळ्यांनी बघ. यावर मात्र बोलली: येते.

२१ मार्च, दुपारी, दुकानाच्या पायरीवर
घाईत लिहितोय. दुकानात गेलो, खोटं नाव विसरलो, खरंच सांगितलं. मग किल्ल्यांचा डबा टेबलावर ओतला. माझी कुलपं, माझ्या किल्ल्या, याहून मोठा पुरावा कोणता? कोणती किल्ली कशाची हे मला नजरेने कळतं. फक्त उजेड कमी होता. बऱ्याच वेळाने बाबांचं कुलूप उघडलं. बाईंनाही पटलं की कुलपं माझी आहेत.
मी विचारलं, तुम्हाला हे कोणी विकलं? हिच्याकडे बघतच विचारलं. बाईंनी शेजारच्या गाळ्यातल्या रद्दीवाल्याला हाक मारली. तो मला बघून ओळखीचं हसला. म्हणाला, काका, तुम्हीच नाही का दिलंत? अर्धा तास भांडलात वजनावरून. मी तेव्हाच म्हणत होतो, मासिकं एवढी वाजत नाहीत.
ही उठली आणि निघून गेली.
मला थांबणं भाग होतं, बाई किंमत कमी करत नव्हत्या. जाहिरातीतलं प्रत्येक विशेषण मलाच वाचून दाखवत होत्या. शेवटी पूर्ण पैसे दिले. पण संग्रह परत मिळाला. तपास यशस्वी.

संध्याकाळी, घराबाहेर, जिन्यात
दाराला कुलूप आहे. मेहुण्याने आणलेलं.
खोकं खाली ठेवून डब्यातल्या सगळ्या किल्ल्या लावून बघितल्या. वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडून हेअरपिन मागून आणली. मोडली. दुसरी मागितली, तीही मोडली. वहिनी आता दार उघडत नाहीत.
हिचा मेसेज आलाय. भावाकडे राहायला गेलीय. दोन्ही किल्ल्या त्याच्याकडे दिल्यात, त्याच्याकडे मागा, आधी काय बोलायचं ते तुम्हाला माहीत आहे.
मला नक्की माहीत नाही. कुलपांच्या खोक्यावर बसून बराच विचार केला. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाने विचारलं की एवढी कुलपं घेऊन बाहेर का बसलात.
शेवटी मेहुण्याला फोन लावला. म्हटलं, कुलूप फार चांगलं निवडलंस.
तो म्हणाला, बरं, पुढे बोला.