फ्लॅक्स लिलीचा भांग

८ जानेवारी
जिंकलो! फ्लॅक्स लिली मंजूर! ऑफिसच्या पुढच्या अंगणातल्या हिरवळीचे लाडकोड संपले — रोज पाणी, सारखी कापणी, वर माळ्याची कुरकुर. ही लिली दिसते गवतासारखी, पण कापायला नको, पाणीही बेताचं. एकदा रुजली की ती तिच्या घरी, आपण आपल्या. कंपनीच्या मोठ्या बाईंसमोर छाती काढून म्हणालो, "हिला देखभालच लागत नाही!"

बाईंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. छाप पडली असावी.

१५ जानेवारी
रोपं लागली. माळी म्हणाला, "साहेब, हिला काही लागतच नाही, तर आपण काय करायचं?" त्याला सांगितलं, लांबचा विचार करायला शीक!

४ एप्रिल
रोपं जोरात. इवली निळी फुलंसुद्धा! बायकोला कौतुकानं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, पण तुम्ही देखभाल विभागाचे प्रमुख ना?"

हो.

"मग देखभालच लागत नसेल, तर —"

जेवण गेलं नाही.

९ एप्रिल
झालं! बाईंनी बोलावलं. महिनाअखेरीस येऊन बघणार, विभाग ठेवायचा की नाही. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला! खूप भीती वाटते. या वयात मला कोण ठेवून घेणार? मला दुसरं काही येत नाही. खरं सांगायचं तर हेही —

१४ एप्रिल
लिली सुकावी म्हणून पाणी तोडलं. तिला पत्ताच नाही.

१९ एप्रिल
कोणी बघत नाहीसं पाहून एका रोपावर चक्क बसलो. उठलो, तशी तीही उठली. निगरगट्ट!

२३ एप्रिल
जांभळी चकचकीत फळं धरली. मला खिजवायला!

२४ एप्रिल
माळ्याला शरण गेलो. तो म्हणाला, "वर्षातून एकदा आतली वाळकी पानं काढायची. बाकी काही नाही." एवढं तर एवढं! बायकोचा रुंद दातांचा कंगवा आणला आणि उकिडवं बसून लिलीचे भांग पाडायला घेतले. कारकून मंडळी खिडकीला नाक लावून उभी. बघोत! माळ्यानं कंगवा काढून घेतला — "हिसडे देऊ नका साहेब, दुखतं तिला. हलक्या हातानं."

संध्याकाळ कधी झाली कळलं नाही. ऑफिसात असं पहिल्यांदाच घडलं. बरं वाटलं.

३० एप्रिल
बाई आल्या. मी मातीत फतकल मारून बसलेला, हातात कंगवा, केसांत वाळकं पान. "देखभाल विभाग बंद," म्हणाल्या. डोळ्यांपुढे काजवे चमकले!

मग म्हणाल्या, "मागच्या अंगणात आणि गच्चीवरही हीच लिली हवी आहे. बागेचा प्रमुख म्हणून माळ्याला नेमलंय. त्याला हाताखाली एक माणूस हवा होता. त्यानं तुमचं नाव सुचवलं."

१ मे
सकाळी माळ्याला "साहेब" म्हणालो. ते म्हणाले, "आधी कंगवा धुऊन आणा."