गयेला सोडलेलं दही

नाना, परवा वर्गात एका एन्झाइमबद्दल सांगताना मला एकदम तुमची चप्पल आठवली आणि मी बोलायची थांबले. निवृत्त झाले तरी मेडिकलच्या मुलांना जीवरसायन शिकवायची माझी हौस जात नाही. हे एन्झाइम मिथाईल गट नावाचा बारकासा तुकडा उचलून होमोसिस्टीनला देतं, त्यातून मेथिओनिन हे अमिनो आम्ल तयार होतं, आणि नसांवरचं आवरण शाबूत राहायला ते लागतं. बी-बारा जीवनसत्त्व नसेल तर हे सगळं ठप्प, आणि हळूहळू पायांची जाणीवच जाते. आपल्यासारख्या शाकाहारी घरात ते येणार दुधा-दह्यातून, आणि तुम्ही तर आजीचं श्राद्ध करायला गयेला गेलात तेव्हा दूध-दही कायमचं सोडून आलात. आवडीचीच वस्तू सोडायची असते म्हणून. वाटीभर सायीच्या दह्याशिवाय पानावरून न उठणारा माणूस!

पुढे काही वर्षांनी राज्यांची पुनर्रचना होऊन आपलं राज्य मोडलं, आपल्या शहरातल्या कचेऱ्या भोपाळला हलू लागल्या आणि त्याच सुमाराला तुमचे पाय अडखळू लागले. दाना ओलीच्या गल्लीतून तुम्ही येताय, एक चप्पल केव्हाच मागे राहिली आहे आणि तुम्हाला पत्ताच नाही. पानवाला हसतो, "पंडितजी आज फिर चढ़ा के आए हैं." घरी आई दारातच तुमचं तोंड हुंगते.

"खरं सांगा, घेता का?"

"अगं, पायाखाली जमीनच लागत नाही मला."

तुमच्या कचेरीतल्या साहेबांच्या कानावरही तेच गेलं आणि भोपाळला न्यायच्या माणसांतून तुम्हाला वगळलं. नातेवाईक म्हणायचे, राज्य गेलं त्याचा धसका घेतला यांनी. बिचारे आपल्या परीने तुमची बाजूच घेत होते. एकदा मी तुमचे पाय चेपत होते तेव्हा तुम्ही म्हणालात, "मीच मनाचा कच्चा निघालो, बेटा." तेच खरं मानून तुम्ही गेलात, याचं मला आजही रडू येतं.

कच्चे नव्हता हो तुम्ही. बी-बाराच्या थोड्या इंजेक्शनांचं काम होतं. बोल लावणाऱ्यांपैकी आता कुणी उरलेलं नाही आणि त्यांना सांगायची मला इच्छाही नाही. हे तुम्हाला कळायला हवं होतं. पण नाना, तुमचं रक्त कुणी तपासलंच नव्हतं. एखाद्या विद्यार्थ्याने एवढ्याशा पुराव्यावर निदान केलं असतं तर मी त्याला खाली बसवलं असतं. तरी मी हेच धरून बसले आहे, कारण तुम्ही खचून गेलात हे मला सोसत नाही.