ऑपरेशन झऱ्याचं तळं

२६ जानेवारी १९९६
झेंडावंदन, मग ग्रामसभा. तळे बचाव समितीचा अध्यक्ष म्हणून माझी एकमताने निवड. दुसरं कुणी उभंच राहिलं नाही, पण एकमत ते एकमत.

तळं आमचं झऱ्याचं. माळाच्या पायथ्याला खडकातून झरा येतो, त्यावर भरतं. चौदा दगडी पायऱ्या. बहात्तर सालीसुद्धा आटलं नाही. दिवाळीला तीन पायऱ्या उघड्या होत्या, आज सात आहेत. खालच्या वस्तीतली चाळीस घरं याच पाण्यावर. तिथल्या धम्मपाल गुरुजींच्या बहिणीचं, आम्रपालीचं, लग्न बुद्धपौर्णिमेला ठरलंय. मांडव तळ्याकाठीच. माईक हातात होता, शब्द देऊन टाकला. पोरीच्या लग्नात पाणी चौथ्या पायरीला लागलेलं असेल, आणि मी आहे तोवर या गावात टँकर येणार नाही. टाळ्या बऱ्याच पडल्या.

२७ जानेवारी
संकल्प: रोज पहाटे साडेपाचला तळ्याची पाहणी. फौजेतली शिस्त. खाडा नाही.

२८ जानेवारी, सकाळी ८.१०
थंडी फार. पाहणी आमच्या बागेतल्या बोअरवरूनच केली. साठ पावलांवर, उताराखाली तळं स्वच्छ दिसतं. खाली उतरून पायऱ्या मोजण्यात वेळ का घालवा?

बोअर मात्र खणखणीत. दिवाळीत मारली, पाणी अडीच इंच. दोन एकर द्राक्षबाग तिच्यावर डोलते आहे. बायकोने, येसूबाईने, चहा देताना विचारलं, आवं, तळं दिवाळीपास्नंच कसं काय खाली चाललंय? तिला म्हटलं, हा टेक्निकल विषय आहे. ती कप घेऊन आत गेली. घरातून सपोर्ट कमी आहे.

४ फेब्रुवारी
कारण सापडलं. गाळ! आज श्रमदान. दोनशे माणसं अपेक्षित, आली सतरा. त्यातली चौदा खालच्या वस्तीतली. आमच्या भावकीतला एकही नाही. मी स्वतः पहिलं घमेलं उचललं आणि कंबरेत चमक भरली, म्हणून पुढे खुर्चीवरून कमांड दिली. आम्रपाली दिवसभर गाळात उभी होती. झऱ्याचं तोंड तिनेच हाताने साफ केलं.

पायऱ्या आठ. गाळ काढल्यावर पाणी आधी थोडं उतरतंच, असं मी सगळ्यांना सांगितलं. कुठे वाचलं ते आठवत नाही.

११ फेब्रुवारी
गाळ हे दुय्यम कारण होतं. खरा शत्रू नीलगिरी. तळ्याच्या बांधावर चुलतभाऊ भाऊसोची चार झाडं आहेत. होती. समितीच्या आदेशाने तोडली. भाऊसो म्हणाला, वीस वर्सं झाडं उभी हायती, तवा न्हाई पाणी प्यायली, आत्ताच प्यायला लागली व्हय? त्याच्याशी बोलणं बंद. म्हणजे त्यानेच बंद केलं.

पायऱ्या नऊ.

२१ फेब्रुवारी
धम्मपाल गुरुजी वही घेऊन आले. माणूस गुणी. रोज पायरीवर खडूने खूण करतात, वहीत लिहितात. म्हणाले, सुभेदार, दर गुरुवारी आपल्याकडं लाईट नसती, आन शुक्रवारी सकाळी पाणी चार बोटं वर असतं. पाचही आठवडे तसंच हाय.

माझ्या अंगावर काटा आला. गुरुवार! म्हणजे वारच पावतोय. ताबडतोब ठराव लिहिला, दर गुरुवारी समितीतर्फे झऱ्यावर नारळ फोडायचा. गुरुजी काहीतरी बोलणार होते. मग वही मिटून गेले. बहुतेक भारावले असावेत.

६ मार्च
बागेत मणी फुगायला लागलेत. बोअर आता लाईट असेल तेवढा वेळ चालू ठेवतो.

पायऱ्या बारा. काल स्वतः खाली गेलो. बायका झऱ्यापाशी वाटीने पाणी भरतात. एक घागर भरायला अर्धा तास. रांगेत वीसेक घागरी. आम्रपालीने विचारलं, काका, हुईल न्हवं वो? मी म्हटलं, बेटा, मोर्चा आपल्या हातात आहे. तिने मान डोलावली आणि परत वाटी बुडवली. परत येताना दोनदा थांबावं लागलं. चढ आहे.

७ मार्च
निर्णायक पाऊल. तळ्यावर धुणं धुवायला बंदी. बोर्ड लावला. तळ्यात धुण्यापुरतं पाणी उरलेलं नाही, असं कुणीतरी म्हणालं. दुर्लक्ष केलं.

९ मार्च
डीपी जळाला. अख्ख्या शिवारात लाईट नाही. बाग ऐन मोक्यावर आणि बोअर बंद. जीव टांगणीला लागला आहे.

१३ मार्च
पायऱ्या अकरा! पाणी चढतंय!

१६ मार्च
नऊ!! धुण्याची बंदी लागू पडली. इतकं साधं कारण आणि इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. पेढे वाटले. वस्तीतल्या म्हाताऱ्या पाण्याकडे बघत बसल्या होत्या. आम्रपालीने दोन्ही घागरी एका दमात बुडवून भरल्या आणि हसली. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, डोळ्यांत पाणी आलं.

एकच टेन्शन, बाग सुकते आहे. उद्या डीपीचं मीच बघतो.

१७ मार्च
तासगावला जाऊन चार तास वीज बोर्डाच्या ऑफिसात ठिय्या दिला. फौजी आवाज लावला. संध्याकाळी डीपी गावात. एकाच आठवड्यात तळं भरलं आणि लाईटही आणली. आता सत्काराला नाही म्हणणं बरं दिसणार नाही.

२३ मार्च
पायऱ्या बारा. सत्कार रद्द.

घातपात आहे. कुणीतरी चोरून धुणं धुतंय. दिवसा पहारा लावला.

३० मार्च, रात्री १०
बागेची काढणी उरकली. माल बेदाण्याच्या शेडवर गेला. दुपारी गुरुजी आले. बसले नाहीत. म्हणाले, सुभेदार, आता सरळच बोलतो, राग मानू नका. तुमच्या बोअरनं झरा वडून घेतलाय. चार दिवस बंद ठिवा, मी खूण करतो, मग तुमीच बघा.

मी शांतपणे समजावलं. झरा जमिनीच्या वर, बोअर दोनशे ऐंशी फूट खाली. दोघांची गाठ पडणार कुठे? ते म्हणाले, लगीन ऱ्हाऊ द्या वो, आधी प्यायचं बघा. येसूबाई दारात उभी होती. ती म्हणाली, चारच दिस तर हायती. रात्री तिने ताट वाढलं आणि आत निघून गेली.

ठीक आहे. सायंटिफिक प्रयोग होऊन जाऊ दे. समितीचा हुकूम: २ ते ५ एप्रिल गावातल्या सर्व मोटारी बंद.

५ एप्रिल
प्रयोग पूर्ण. अकरा विहिरींवरच्या अकरा मोटारी चार दिवस बंद. हुकूम कडक पाळला गेला. भाऊसोनेसुद्धा पाळला. माझी अर्थात चालू होती. हुकूम विहिरींवरच्या मोटारींना होता, आणि माझी बोअर. शिवाय काढणीनंतरची खरड छाटणी झाली आहे, वेलींना पाणी हवंच.

निकाल: गुरुवारच्या नारळाची चार बोटं सोडली, तर पाणी एक बोटही वर आलं नाही, उलट तेरावी पायरी उघडी. सिद्ध झालं! मोटारी आणि तळं यांचा काडीचा संबंध नाही. निकाल गुरुजींना वाचून दाखवला. त्यांनी वहीत तेरावी पायरी लिहिली आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी नजर खाली घेतली. ऊन डोळ्यांवर येत होतं.

१० एप्रिल
गुरुजी पत्रिका घेऊन आले. लग्न आता इथे नाही, वडूजला, नवऱ्या मुलाकडे. तिकडे पाण्याची सोय आहे. गुरुजी एक शब्द वावगा बोलले नाहीत. दोन्ही हातांनी पत्रिका दिली आणि म्हणाले, काकूंना घिऊन या, पोरगी वाट बघंल. चार शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. पत्रिका येसूबाईने घेतली. मला लाज वाटली. कशाची, ते आत्ता लिहीत नाही.

१२ एप्रिल
चौदाही पायऱ्या. झऱ्याचा खडक नुसता ओला आहे.

१६ एप्रिल
तहसीलचे साहेब आले. टंचाई, टँकर मंजूर. मी कडाडून विरोध केला. आमच्या गावात टँकर येत नसतो म्हणालो. साहेब म्हणाले, लोकांनी काय प्यायचं?

मग म्हणाले, टँकर भरायला जवळपास एकच जागा उरली आहे. बाकी सगळं आटलं. कागद पुढे केला. बोअर अधिग्रहण. मालक: हिंदुराव. बोअर कधीची, विचारलं. दिवाळीची, म्हटलं. त्यांनी उतारावरून खाली तळ्याकडे पाहिलं, परत बोअरकडे पाहिलं, आणि शिक्का मारला. मी सही केली.

२० एप्रिल
पहिला टँकर. ड्रायव्हर बिराप्पा, जत तालुक्यातला. माझ्या बोअरवर टँकर भरला. माळाला वळसा घालून, दीड किलोमीटर फिरून खाली गेला. गावात टाकी नाही, म्हणून झऱ्यासमोरच्या खड्ड्यात, तळ्यातच रिकामा केला. बायका घागरी घेऊन धावल्या. मी वरूनच बघत होतो.

दुसऱ्या खेपेला बिराप्पा घाम पुसत माझ्याजवळ आला. म्हणाला, सुभेदार, मला एक कळंना बगा. टँकर उगाच कशापायी फिरवायचा? ह्यो समदा उतार हाय, तळं ह्ये काय समूर दिसतंय. हितलं पाणी तितं आपसूक जाईल की.

मी म्हटलं, दिवाळीपर्यंत जात होतं.