राजीखुशीने झालेली सही

अण्णा,

गावातले लोक तंटा मिटवायला तुमच्याकडे यायचे, तसे आता माझ्याकडे येतात. मी वकील झाले, आणि कोर्टात रखडलेली प्रकरणं दोन्हीकडच्या संमतीने मध्यस्थ म्हणून माझ्यापुढे येतात. मला एसीची खोली आहे. तुमच्याकडे आपलं स्वयंपाकघर होतं. तिथला एक दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. बांधावरून भांडणारे दोन चुलतभाऊ परातीशेजारी बसलेत, थोरला सगळं मुकाट कबूल करतोय, आणि तुम्ही एकदम धाकट्याला अंगणात पाठवता. "खरं सांग, तुला कुणी दम दिलाय का?" थोरला मान खाली घालून रडायला लागतो. त्या दिवशी तुम्ही तो तंटा मिटवलाच नाहीत. "कबूल तर झाला होता की," मी म्हणाले, तेव्हा माझ्यावर खेकसलात, "भ्यालेल्या माणसाचं व्हय धरायचं न्हाई, पोरी."

उन्हाळ्यात माझ्याकडे चऱ्होलीची एक बाई आली. वडिलांच्या जमिनीवर भावाला इमारती उठवायच्या होत्या आणि ही आपला हक्क सोडायला तयार नव्हती. "माझ्या बी बापाची जमीन हाय, मॅडम." तीन बैठका ती हटली नाही. भावाने एकदाही आवाज चढवला नाही, उलट तिला पाणी ओतून द्यायचा. चौथ्या बैठकीत तो हसत म्हणाला, "ताई, तुझी पोरगी चाकणला कंपनीत लागली ना? फर्स्ट शिफ्ट सुटली की गेटवर लय गर्दी असती. आज आपली गाडी पाठवलीय तिला आणायला. बसली बी आसंल." बाईच्या हातातला पेला ओठांपर्यंत गेलाच नाही. मग ती म्हणाली, "कुठं सही करू?"

नियमाप्रमाणे मी तिला एकटीला आत घेतलं. कुणाचा दबाव आहे का, विचारलं. "न्हाई," ती म्हणाली. नजर फोनवरून हलत नव्हती. "लवकर करा, मॅडम." मला तिथेच थांबता आलं असतं. तडजोड होत नाही, एवढं लिहिलं असतं तर प्रकरण परत कोर्टात गेलं असतं. मी करारनामा टाइप करायला सांगितला. त्यातलं "राजीखुशीने" मीच मोठ्याने वाचून दाखवलं.

मुलगी संध्याकाळी घरी पोचली. दुसऱ्या दिवसापासून ती कामावर गेली नाही. पंधरा दिवसांत मायलेकी घराला कुलूप लावून गेल्या. कुठे, ते शेजाऱ्यांनाही सांगता येत नाही. जमिनीभोवती पत्रे उभे राहिलेत. प्रकरण मिटलं म्हणून सहकाऱ्यांनी माझं अभिनंदन केलं.

हा कागद मी फाडणारच आहे, म्हणून लिहिते. तिला दुसऱ्यांदा का नाही विचारलंस, असं तुम्ही म्हणाला असता. त्या दिवशी बैठकीआधी तो भाऊ मला जिन्यात भेटला होता. अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, तुमची मुलगी सांगवीत क्लासला चालत जाती ना? रस्ता बरा न्हाई तिथला."

मी त्याला थँक्यू म्हणाले, अण्णा.