रुमालाखालची इंग्रजी

अण्णा, तुमचा गुडघा कसा आहे? आईचा खोकला थांबला का? धाकट्या काकांना आता नीट दिसतं ना? आणि आपला लंगडा बैल पवळ्या, ज्याला विकायला नेऊन तुम्ही परत घेऊन आलात, तो तिकडे भेटला का? इकडे सगळे बरे आहेत. माझ्याच मनात एक संशय शिरून बसलाय.

तुमची पणती नोकरीसाठी नाशिकला माझ्याकडे राहते. मी पुड्यांच्या कागदांवरून इंग्रजी शिकले आणि तिला ए-बी-सी-डी मीच गिरवायला लावली. आता ती माझ्यासमोर मेथी निवडत मैत्रिणीशी फोनवर बोलते आणि मला ओ की ठो कळत नाही. रिझ, डेलुलू, सिच्युएशनशिप. विचारलं तर म्हणते, "आजी, नवे शब्द आहेत. डिक्शनरीतही घेतलेत आता." घेतले असतील. पण नवा शब्द एकाला सांगायला काढतात तसा दुसऱ्यापासून लपवायलाही काढतात, हे मी तुमच्याजवळ बसूनच पाहिलंय. चांदवडचा बैलबाजार. तुम्ही गिऱ्हाइकाचा हात धरता, वर रुमाल टाकता. आत बोटांनी भाव चाललेला आणि तोंडानं पावसापाण्याच्या गप्पा. मी रुमालाचं टोक उचललं तर केवढे खेकसलात, "हात आत असंल त्यालाच कळावं, म्हणून तर रुमाल हाय." आणि परतताना गाडीत माझाच हात रुमालाखाली घेऊन सगळी बोटं शिकवलीत.

तो लांबलचक शब्द शेवटी मी मोबाइलवर शोधला. धड मैत्री नाही, धड लग्नाचं बोलणं नाही. म्हणजे हात हातात आहे, भाव ठरत नाही आणि कुणी हात सोडतही नाही. असा सौदा रेंगाळला की उन्हं कलायच्या आत तुम्ही हात काढून घ्यायचात. आपल्या पोरीला हे कोण सांगणार? फोनवर सारखं ज्याचं नाव निघतं, तो मुलगा तिला नुसता ताटकळत ठेवील, याचीच मला धास्ती आहे.

काल फोन ठेवून ती मेथीकडे बघत बसली. काय झालं विचारलं, तर म्हणाली, "काही नाही गं. तुला नाही कळायचं."

मला कळलं होतं, अण्णा. कळलं नाही असं दाखवून मी देठं खुडत राहिले. रुमाल तिनं स्वतः उचलावा म्हणून थांबलेय. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते ठाऊक नाही, पण किती थांबावं तेवढं मात्र लवकर लिहून कळवा.